काका, मेन स्विच बंद केल्याबद्दल

प्रिय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोरासमोर आभार मानले की तुम्ही "आज क्षारता किती आली?" असं विचारून विषय बदलता. शिवाय गप्पी आणि गोल्डफिश सांभाळून झाल्यावर "आता समुद्रच आणू घरी", म्हणजे खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी लावू, असं वाटायला लागलेले माझ्यासारखे अजून बरेच असतील. त्यांच्या बी विंगमध्ये काका असतीलच असं नाही.

मार्चमध्ये मी यादी घेऊन आले होते. टाकी, दिवे, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर, सगळं ठरलेलं, फक्त कुठलं मॉडेल ते तुम्ही सांगायचं होतं. तुम्ही चष्मा लावून यादी वाचलीत, घडी घालून परत दिलीत आणि म्हणालात, "आधी एक बादली घे."

हॉलच्या कोपऱ्यात पाण्याची बादली, त्यात थर्मामीटर, शेजारी वही. एप्रिलचे पंधरा दिवस सकाळी सहाला आणि दुपारी तीनला आकडा लिहायचा. आईच्या मैत्रिणींना वाटलं, आमचं छत गळतंय. डोंबिवलीच्या त्या उकाड्यात दुपारचा आकडा ३१ च्या खाली एकदाही आला नाही. प्रवाळांना २५-२६ अंश मानवतं. पाणी बरेच दिवस ३० च्या आसपास राहिलं तर ते अंगातलं शैवाल सोडून देतात आणि पांढरे पडतात. माझ्या यादीत हीटर होता, पाणी गार करणारा चिलर नव्हता! पंख्याने भागेल का, म्हणून विचारलं, तर म्हणालात, "दमट हवेत पाणी उडणार किती आणि गार होणार किती?" चिलरने बजेट खाल्लं आणि चार फुटांची टाकी तीन फुटांवर आली. तेव्हा मी मनातून चिडले होते. आता सांगायला हरकत नाही.

मग फरशीवर वर्तमानपत्रं चिकटवून तुम्ही तीन बाय दीड फुटांची जागा आखलीत आणि आठवडाभर आम्हाला तिला वळसा घालून चालायला लावलंत. पाणी, काच, दगड, वाळू, खालचा संप (टाकीखालची दुसरी छोटी टाकी, जिथून पंप पाणी परत वर चढवतो) आणि स्टँड मिळून तीनशे किलोंच्या वर जातं, हे आईला वहीत मांडून दाखवलंत. तिला वजनापेक्षा मिठाचं नवल वाटत होतं. समुद्र तासाभरावर असताना मीठ विकत का? तुम्ही हसला नाहीत. किनाऱ्यालगतच्या पाण्यात शहराचं सांडपाणी असतं, पावसाळ्यात नद्या मिसळून त्याचा खारटपणाही उतरतो, आणि आपलं खडेमीठ म्हणजे बहुतेक नुसतं सोडियम क्लोराईड, त्यात प्रवाळाला सांगाडा बांधायला लागणारं कॅल्शियम पुरेसं नसतं, हे तिला नीट समजावलंत. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल असं मी गृहीत धरलं होतं. तुमच्या मीटरने ३८ टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, दाखवला. तो शून्यावर आणायला पुढे उरलेले क्षार शोषून घेणारं डीआय रेझिन लागतं, नाहीतर टाकीत प्रवाळांऐवजी शेवाळच पोसलं जातं.

पण आभार मानायचे आहेत ते जूनमधल्या त्या रविवारचे. टाकीत साधं पाणी भरून गळती तपासत होतो. पंप चालू, पाणी वरून खाली, खालून वर, मी मोबाईलवर व्हिडिओ काढतेय. तुम्ही न बोलता उठलात, पॅसेजमध्ये गेलात आणि घराचा मेन स्विच खाली केलात.

पंप थांबला. ज्या नळीने पाणी वर चढत होतं, त्याच नळीने ते खाली यायला लागलं. नळीचं तोंड टाकीत चार इंच बुडलेलं होतं, त्यामुळे हवा शिरेपर्यंत ती ओढतच राहिली. संपातलं पाणी चढत काठाला आलं, क्षणभर काठावर फुगून थांबलं आणि मग फरशीवर. आई जुने पंचे घेऊन धावली. तुम्ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसलात आणि म्हणालात, "वीज रात्री दोनला गेली असती तर?"

त्याच दिवशी नळीचं तोंड वर घेतलं, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली नळीला बारीक भोक पाडलं, म्हणजे तिथून हवा शिरून ओढ तुटते. संपावर मार्करने रेघ मारली, पंप चालू असताना पाणी या रेघेच्या वर नाही. तीनदा मेन बंद केला. तिन्ही वेळा पाणी काठाच्या दोन बोटं खाली थांबलं.

पुढचं बरंचसं थांबणंच होतं. आईने सोलायला घेतलेल्या कोळंबीतली एक तुम्ही मागून घेतलीत आणि जाळीत घालून टाकीत सोडलीत. "बॅक्टेरियांना जेवायला नको?" ती कुजून माशांना विषारी असा अमोनिया चढला, बॅक्टेरियांनी त्याचं नायट्राईट केलं, मग दोन्ही शून्यावर आले आणि त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट दिसू लागलं. पाच आठवडे लागले. वासाबद्दल आईचं मत वेगळं विचारा.

आणि एका दुकानात मला "अस्सल समुद्रातला" प्रवाळ लागलेला दगड मिळत होता, तेव्हा तुम्ही आवाज चढवलात. एवढ्या महिन्यांत तेवढं एकदाच. रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे त्याच यादीत. मला हे खरंच माहीत नव्हतं. म्हणून आमच्याकडे तयार केलेला कोरडा दगड आहे आणि त्यावर तुमच्या टाकीतल्या झोअँथिडचा, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या प्रवाळासारख्या जिवाचा, एक तुकडा. तो कापताना तुम्ही हातमोजे आणि गॉगल घातलात तेव्हा मला गंमत वाटली होती. त्याच्या अंगात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं हे नंतर सांगितलंत. क्लाउनफिशची जोडीही समुद्रातून पकडलेली नाही, हॅचरीत वाढलेली. दोघे जन्मतः नर, त्यातला दांडगा मादी होणार. आईने त्याचं नाव आधीच बदललंय.

परवा रात्री पावणेदोनला वीज गेली. पंखा थांबल्याने जाग आली. टॉर्च घेऊन हॉलमध्ये गेले. इन्व्हर्टरवर टाकीतला फक्त लाटांचा छोटा पंप चालू होता, मासे कोपऱ्यात झोपलेले. स्टँडचं दार उघडून संपावर उजेड टाकला. पाणी काठाच्या दोन बोटं खाली होतं. फरशी कोरडी. परत जाऊन झोपले.

तुमचा क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर अजून माझ्याकडेच आहे. न्यायला रविवारी या, आई कोळंबीची खिचडी करणार आहे.

तुमची,
सी विंगमधली