समासातली पेन्सिल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, दिग्दर्शन सोडून संशोधनात गेलीस तेव्हा वाईट नाही वाटलं?" मी विषय बदलला. पण आता तूही नाटक बसवायला घेते आहेस, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

वाटलं. खूप वाटलं. तिसरी घंटा झाली की पोटात पडणारा गोळा कुठल्याच ग्रंथालयात मिळत नाही. पीएचडीला नाव घातलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि पहिली दोन वर्षं मला तालमीचीच स्वप्नं पडत.

पण गेले कशाला, ते ऐक. माझ्या शेवटच्या नाटकाची संहिता अजून कपाटात आहे. दुसऱ्या अंकात एका वाक्यासमोर पेन्सिलीने लिहिलंय, "उठते, खिडकीकडे दोन पावलं." ते खोडून खाली "उठत नाही." त्याच्याखाली, "नुसती मान." तालमीचे तीन दिवस त्या समासात आहेत. प्रयोगात त्या नटीने नेमकं काय केलं? मला आठवत नाही. मी बसवलेलं नाटक, विंगेत मीच उभी, आणि मला सांगता येत नाही! त्या पानापाशी बसल्या बसल्या माझं संशोधन सुरू झालं.

रशियन नाटककार चेखवचं 'द सीगल' 1896 मध्ये पीटर्सबर्गला सपशेल पडलं. दोनच वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरने ते उभं केलं आणि इतिहास घडला. तिथला दिग्दर्शक स्तानिस्लावस्की. त्याला सुरुवातीला ते नाटक नीट कळलंही नव्हतं, हे त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. तरी त्याने हालचाली, विराम, आवाज असं सगळं बारकाईने कागदावर मांडलं. तो आराखडा आज वाचता येतो. वाचणारे मात्र पटकन म्हणतात, "प्रयोग असा होता." नाही गं. तो तालमीआधीचा कागद. तालमीत नट काय काय मोडतो, हे ज्याने सोसलंय त्याला तो कागद वेगळा दिसतो. दिग्दर्शनातली माझी वर्षं इथे कामी आली, वाया गेली नाहीत.

बर्लिनचा नाट्यसंशोधक माक्स हेर्मान, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. नाट्यशास्त्राने संहितेपेक्षा प्रयोगाचा अभ्यास करावा, असं त्याने ठासून सांगितलं. सोळाव्या शतकातला जर्मन नाटककार हान्स साक्स, त्याचा रंगमंच कसा असेल, हे त्याने 1914 च्या ग्रंथात उभं करून पाहिलं. त्यावरून कडाक्याचे वाद झाले. 1923 मध्ये तिथल्या विद्यापीठात नाट्यशास्त्राची संस्था उभी राहिली, त्यामागेही तोच. तो ज्यू होता. 1942 मध्ये नाझींच्या टेरेझिनच्या छावणीत गेला. विझून गेलेल्या प्रयोगांसाठी उभं आयुष्य देणारा माणूस असा संपला, हे शिकवताना माझा आवाज अजून कापतो.

तू संशोधनाकडे वळावंस असं मी म्हणत नाही. पोटभर नाटकं कर. फक्त एक ऐक. रंगीत तालमीनंतर संहिता मिटून ठेवू नकोस. पहिल्या प्रयोगाच्या रात्री, कितीही दमलीस तरी, तारीख घालून समासात लिही, ती उठली की नाही.

तुझी,
आई