घरट्यावर रोखलेले कॅमेरे : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी पक्ष्यांचे फोटो काढतो. वसंत लागला की आम्हा फोटोवाल्यांत एकच चौकशी सुरू होते : घरटं कुठे सापडलंय का? कारण उघड आहे. घरट्यावरचा पक्षी चोचीत अळी धरून पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येतो. एरवी दिवसभर भटकून न मिळणारा फोटो तिथे अर्ध्या तासात मिळतो. मग एकाचे दहा जण होतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २ मधली शिकारीची व्याख्या आपल्याला ठाऊकच आहे. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं तर तीत येतंच, पण अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणंही येतं. तरीही घरट्यासमोर तिवई रोवून बसलेल्या माणसाला वनरक्षक हटकत नाही. त्याच्या हातात तर फक्त कॅमेरा असतो!

तो काय करतो ते सांगतो. स्वर्गीय नर्तकाचं घरटं म्हणजे बारीक फांदीच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली वाटी. फोटो स्वच्छ यावा म्हणून आडवी येणारी पानं तोडली जातात. ऊन थेट पिल्लांवर येतं आणि कावळ्याला, भारद्वाजाला वाट मोकळी होते. टिटवी उघड्या माळावर खड्यांतच अंडी घालते. भर दुपारी ती त्यांच्यावर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते. जवळ माणूस ठाण मांडून बसला की ती ओरडत भोवती फिरत राहते आणि इकडे अंडी तापतात. आतला जीव मेला तरी अंडं बाहेरून शाबूतच दिसतं, त्यामुळे फोटो काढणाऱ्याला आपण काय केलं हे कधी कळतच नाही. मला सगळ्यात जास्त हेच छळतं. धनेशाची मादी तर ढोलीत स्वतःला कोंडून घेते. फटीतून नर भरवेल तेवढंच तिचं आणि पिल्लांचं अन्न. खाली माणसं दिसली की नर ढोलीकडे यायला कचरतो.

ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने, यादीतल्या दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यापाशी व्यत्यय येईल असं छायाचित्रण करायचं तर आधी परवाना लागतो. आपल्याकडे नवा कायदा करायचीही गरज नाही. विणीच्या काळात नांदत्या घरट्यावर छायाचित्रण करणं, ड्रोन उडवणं, पक्ष्याला बोलावण्यासाठी आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवणं हा उपद्रवच, असं एका परिपत्रकात स्वच्छ लिहा. अभ्यासकांना लेखी परवानगीची सोय ठेवा. गाईडलाही त्याचा आधार होईल. घरटं दाखवण्यासाठी पाहुणे बक्षिशी पुढे करतात, तेव्हा बोट ठेवायला नियम नसेल तर त्याने नाही कसं म्हणायचं?

आणखी एक मागणी, आणि ती आजही अमलात येऊ शकते. सरकारी छायाचित्र स्पर्धा, दिनदर्शिका आणि पर्यटनाच्या जाहिराती यांत घरट्यावरचे फोटो घेऊ नका. बक्षीस आणि कौतुक बंद झालं की निम्मे कॅमेरे आपोआप मागे सरतील, इतकं मी या लोकांत राहून खात्रीने सांगतो.

परिपत्रक पुढच्या विणीच्या हंगामाआधी निघावं, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक पक्षी छायाचित्रकार