आई-बाबा, एक तारखेपासून खारी बंद

ती. आई व ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई भलतंच काहीतरी विचारते आणि बाबा "हो हो" करत फोन तिच्या हातात देतात. म्हणून लिहायला बसले. आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांना मी सांगून टाकलंय. एक तारखेपासून खारी आणि टोस्ट घरी येणार नाहीत. त्याऐवजी दर रविवारी डझनभर अंडी येतील, महिन्याचे पैसे दिलेत. येत्या आठवड्यात इंडक्शनची शेगडीही पोचेल. ती परत पाठवू नका. तुम्हाला न विचारता केलं, कारण विचारलं असतं तर "बघू पुढच्या महिन्यात" एवढंच उत्तर आलं असतं.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू डाव्या हाताने केस मागे सारलेस आणि बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. त्याच बांगड्या पूर्वी काढायच्या म्हणजे साबण लागायचा. मिरजेच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. प्लास्टरमधल्या हाताचं हाड जुळेल, पण अंगात ताकद राहिली नाही, सकाळच्या खाण्यात प्रथिनं वाढवा. एका अंड्यातून साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. खारी म्हणजे मैदा आणि तूप-डालडा, त्यातून तुझ्या हाडांना काय मिळणार? बाबांच्या साखरेलाही ती बरी नाही. रोज एकेक अंडं दोघांना चालेल, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलंय.

तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. आजींच्या घरात अंडं. आई, म्हणूनच इंडक्शन पडवीत ठेवायचं, वॉशिंग मशीनच्या प्लगवर. तुझ्या ओट्यावर, तुझ्या भांड्यात काही येणार नाही. आणि बाबांचा तो खोलगट बिडाचा तवा पहिल्यापासून अंड्याचाच आहे. आजी गेल्यावर तू तो माळ्यावर टाकलास, म्हणून 2019 च्या पुरात वाचला. पडवीतला स्टोव्ह मात्र गेला. बिडाचं भांडं इंडक्शनवर चालतं, त्या तव्याचं बूडही सपाट आहे, नीट बसेल.

आजींच्या गळ्यात माळ होती, पण रविवारी बाबांनी स्टोव्हला पंप मारायला घेतला की त्या पुढच्या पायरीवर जाऊन पाठ करून बसायच्या, आणि तिथूनच विचारायच्या, "पोरीला दोन घातलीस का?" तू त्यांच्यासाठी इतकी वर्षं पाळलंस, ते मी कधीच लहान मानणार नाही. तुझ्या सोमवार-गुरुवारलाही मी हात लावत नाही. त्या दिवशी अंड्याऐवजी खाली सांगितलेल्या भाज्यांत भिजवलेली मूगडाळ किंवा पनीर घाला, त्यासाठी आतली कढई घ्या. एकादशी तुझी तू ठरव, पण नुसत्या चहावर काढू नकोस.

बाबा, आता तुमचं काम. आईच्या हाताला प्लास्टर असेपर्यंत न्याहारी तुम्ही करायची, आणि नंतरही केलीत तर मला फार आवडेल. पहिल्या पाळीला जायच्या आधी आमच्यासाठी तुम्ही पडवीत करायचा तेच आहे हे, फक्त भाज्या जास्त. जगात बऱ्याच ठिकाणी असं करतात. ट्युनिशियाकडे टोमॅटोच्या रश्श्यात अंडी फोडतात, त्याला शक्षुका म्हणतात. आपण आपल्या कांदा-लसूण चटणीत करायचं.

तवा मध्यम आचेवर तापू द्या. दोन चमचे शेंगतेल, जिरं, मोठा कांदा. कांदा मऊ होईपर्यंत घाई नको, सगळी चव तिथे आहे. मग ढबू मिरची, मटार असतील तर मूठभर, दोन टोमॅटो, हळद, अर्धा चमचा चटणी, मीठ. मिठाने टोमॅटोला पाणी सुटतं, ते अर्धं आटू द्या. पूर्ण आटवलंत तर अंडं खाली करपतं, पाणी जास्त राहिलं तर अंडी पसरतात. शेवटी चिरलेला पालक किंवा मेथी, तो दोन मिनिटांत बसतो. आता आच कमी करा, डावाने दोन खळगे करा. अंडं आधी वाटीत फोडून बघा, मगच खळग्यात सोडा. वरून झाकण. पाच-सहा मिनिटांनी पिवळा बलक हलेनासा झाला की उतरवा. तुमच्या वयात कच्चा बलक नको, तुम्हाला कितीही आवडत असला तरी.

कालची शाळूची भाकरी असेल तर तुकडे करून त्यातच घाला, रस पिऊन छान मऊ होते, आईला एका हातानेही खाता येते. बटाटा घालू नका बाबा. तव्यात भाजी साठवू नका, टोमॅटो आहे. ताटात काढा, लगेच धुवा, तापवून कोरडा करा, तेलाचा हात फिरवा. आणि आई, तो तवा तू उचलायचा नाहीस. तू खुर्चीवर बसून मेथी निवडणार असशील तर तीही एकट्या डाव्या हाताने नको. बाबांना सांग.

तुझी थायरॉईडची गोळी आधी, पाण्यासोबत, मग निदान अर्धा तास काही नाही, चहासुद्धा नाही. बाबांनी साखरेची गोळी घेऊन मंडईत जायचं नाही, पोटात काही घालून मगच जायचं. कोल्हापूरच्या आत्यांचं झालं ते आठवा.

इथे सुट्टी मिळत नाही आणि मी येऊ शकत नाही, हे रोज सकाळी डबा भरताना टोचतं. सगळं दादा-वहिनींवर टाकणंही बरोबर नाही, त्यांचं तिकडे काय चाललंय ते आपल्याला माहीत आहे. म्हणून एवढं तरी मला करू द्या. प्लास्टर काढायच्या दिवशी मात्र मी मिरजेला येणार, रजेचा अर्ज दिलाय. त्या दिवशी आई पाठ करून बसली तरी चालेल, पण बाबा, तिला दोन घाला.

पहिल्या दिवशी फोटो पाठवा, ताटाचा नको, रिकाम्या ताटाचा.

तुमची,
धाकटी

ता. क. अंडी जुनी वाटली तर पाण्याच्या भांड्यात सोडून बघा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, वर तरंगलं तर टाकून द्या, वाया जातंय म्हणून वापरू नका. आणि बेकरीवाल्यांना गुपचूप फोन करू नका बाबा, त्यांनी मला कळवायचं कबूल केलंय.