फौंड्रीत रुजू होण्यापूर्वी

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. सुजय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत प्रशिक्षणार्थी म्हणून तुझी निवड झाल्याचे कळताच बाबांनी पेढे आणले. तू पुण्याहून घरी येणार, याचा आनंद मलाही आहे. मात्र वैद्यकीय तपासणीचा जो अर्ज तू मोबाइलवर पाठवलास, त्यात पूर्वीच्या आजारांपुढे ‘लहानपणी दमा, आता नाही’ असे लिहिले आहेस. ते खोडून ‘28 व्या आठवड्यात जन्म, बीपीडी’ असे लिही. बीपीडी म्हणजे ब्रॉन्कोपल्मोनरी डिसप्लेशिया, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार.

त्या वेळी बाळाच्या फुप्फुसात खरे वायुकोश जवळजवळ नसतातच. श्वासनलिकांच्या टोकांशी साध्या पिशव्या असतात आणि त्यांच्यात पडदे उभे राहून वायुकोश घडण्याचे काम मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत सुरू होऊन जन्मानंतरही काही वर्षे चालू राहते. त्या पिशव्या मिटू न देणारा सर्फॅक्टंटचा थरही अपुरा असतो. हे 1959 साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले, 1980 साली जपानमध्ये फुजिवारा यांनी तो बाहेरून देऊन बाळे सावरू शकतात हे सिद्ध केले, आणि तुझ्या जन्मापर्यंत ते औषध कोल्हापुरातही मिळत होते. ज्या व्हेंटिलेटरच्या दाबाने आणि ऑक्सिजनने तुला जगवले, त्यांच्यामुळेच फुप्फुसाची पुढची घडण अडखळली. नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी 1967 साली या आजाराची पहिली नोंद केली, तेव्हा मोठे व्रण दिसत. तुझ्या पिढीच्या बाळांत व्रण कमी असतात, परंतु वायुकोश संख्येने थोडे आणि आकाराने मोठे राहतात. गरोदरपणाच्या दिवसांच्या हिशेबाने 36 आठवडे भरले तरी तुझ्या नाकाशी ऑक्सिजनची नळी होती, म्हणून तुझ्या कागदावर बीपीडी आले. शाळेत असताना घरघर ऐकून कुणीतरी दमा लिहिला आणि तोच पुढे चिकटला.

तुझी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून केलेली श्वासाची तपासणी, मी पुन्हा काढून पाहिली. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षित प्रमाणाच्या 74 टक्के आहे आणि श्वास सोडतानाची रेषा सरळ न उतरता आतल्या बाजूला खोल गेलेली आहे. पंप घेऊन पुन्हा फुंकल्यावरही आकडा फारसा हलला नाही. दम्यात आवळलेल्या नळ्या औषधाने बऱ्याच सैल होतात. तुझा अडथळा मुख्यतः घडणीतला आहे, म्हणून पंपाने तो पूर्ण जाणार नाही. आत्याबाई अजूनही म्हणतात, ‘सातमाशी पोर आहे, तालमीत घातले असते तर छाती भरली असती.’ छाती भरली असती हे खरे, पण व्यायामाने दम वाढतो, वायुकोश वाढत नाहीत.

माझी काळजी पुढच्या वर्षांची आहे. पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे माप साधारण विशीत सर्वांत वर जाते आणि पंचविशीनंतर निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाचेही दर वर्षी सुमारे 25 ते 30 मिलिलिटरने उतरते. इतरांची उतरण वरून सुरू होते, तुझी खालून होईल. त्यात सिगारेट किंवा धूळ आली, तर चाळिशीतच जिना चढताना धाप लागू शकते. तुझ्या खोलीतला जोडीदार ओढतो म्हणून तू ओढशील असे मला वाटत नाही, परंतु खोलीतला धूरही तुझ्या वाट्याचाच आहे.

आता फौंड्रीबद्दल. साच्याच्या वाळूत सिलिका असते आणि शेकआउट (साचा फोडून ओतीव भाग काढणे) व फेटलिंगच्या (तो घासून साफ करण्याच्या) वेळी तिची जी बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. कापडाचा रुमाल बांधल्याने ही धूळ अडत नाही. नोकरी सोड असे मी म्हणत नाही, कारण आपल्या गावाचे अर्धे पोट याच धंद्यावर आहे आणि तुला ते काम आवडतेही. मशिन शॉप किंवा गुणवत्ता तपासणीचा विभाग मात्र मागून घे. सांगायला संकोच वाटला तर बाबा येतील.

दर वर्षी स्पायरोमेट्री करून घे, पावसाळ्याआधी फ्लूची लस घे आणि कोणत्याही डॉक्टरांसमोर बसल्यावर आधी जन्माची हकिगत सांग, कारण मोठ्या माणसाला जन्माच्या वेळचे कुणी आपणहून विचारत नाही. जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि स्पायरोमेट्रीच्या प्रती उद्या कुरिअरने पाठवते. सोमवारी अर्ज देण्यापूर्वी त्या जोड आणि विभाग कोणता मिळाला ते कळव.

तुझी,
आई