नाव न सांगता मदत करून गेलेल्यांनो, मनापासून आभार!

१५ ऑक्टोबरला, पांढऱ्या काठीच्या दिनी, पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर आम्ही अंध मंडळी सह्या गोळा करत होतो. पदपथावरच्या, आम्हाला काठीने आणि पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या उठावाच्या पिवळ्या फरशा मोकळ्या राहाव्यात, सिग्नलला आवाज असावा, बसमध्ये थांबे पुकारले जावेत, एवढंच मागणं. सुगम रस्ते आणि वाहतूक हा २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने आमचा हक्कच आहे.

कुणी न सांगता फरशांवरचा माल उचलून घेणारे पथारीवाले काका, येणाऱ्याजाणाऱ्याला निवेदन समजावणाऱ्या कॉलेजच्या मुली, तुमचे आभार. आणि रस्ता ओलांडताना माझा दंड धरून न ओढता, आधी विचारून स्वतःचं कोपर पुढे करणाऱ्या ताई, तुमचे तर फारच! काठीचा हात मोकळा असला की पुढची पायरी, खड्डा आम्हाला कळतो. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

सह्यांचा गठ्ठा महापालिकेत दिलाय. पाठपुरावा चालू आहे.