चुंबकत्वाच्या शेजारची अतिसंवाहकता

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनासाठी लोहयुक्त अतिसंवाहक, म्हणजे पुरेसे थंड केल्यावर विजेला जराही रोध न करणारे लोखंडाचे पदार्थ, हा विषय ठरल्याचे कळले आणि मी वर्गात कित्येक वर्षे निःशंकपणे सांगितलेले एक वाक्य आठवले: चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचे हाडवैर आहे. त्याला आधार होता. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात आणि चुंबकी अणूंची थोडीशी भेसळही ही जोडी फोडते. खुद्द लोखंड अतिसंवाहक होते हे 2001 मध्ये जपानमध्ये दिसले, पण त्यासाठी दीड लाखाहून अधिक वातावरणांचा दाब देऊन त्याचे लोहचुंबकत्व घालवावे लागले, आणि तरीही तापमान 2 केल्विनच्या, म्हणजे उणे 271 अंश सेल्सिअसच्या, आसपास उतरवावे लागले.

म्हणूनच 2008 मध्ये टोकियोतील हिदेओ होसोनो यांच्या गटाने लँथॅनम, लोखंड, आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात थोड्या ऑक्सिजनच्या जागी फ्लुओरीन घालून 26 केल्विनला अतिसंवाहकता मिळवली, तेव्हा ते वृत्त मी दोनदा वाचले. त्याच वर्षी चिनी संशोधकांनी लँथॅनमऐवजी समॅरियम वापरून 55 केल्विन गाठले.

मला मात्र फ्लुओरीन न घातलेले मूळ संयुगच अधिक मोलाचे वाटते. ते अतिसंवाहक नाही. थंड करत गेल्यावर सुमारे 150 केल्विनला त्याच्या विद्युत् रोधाचा आलेख एकाएकी खाली वळतो, स्फटिकाची चौरस जाळी किंचित लांबट होते, आणि 137 केल्विनच्या आसपास लोखंडाच्या अणूंचे स्पिन, म्हणजे जणू त्यांचे इवले चुंबक, शिस्तीत उभे राहतात: एका ओळीतले सारे एका दिशेला, शेजारच्या ओळीतले नेमके उलट. फ्लुओरीन वाढवला की ही शिस्त मोडते आणि अतिसंवाहकता तिथेच डोके वर काढते. शिस्त मोडली तरी स्पिनची थरथर उरते, आणि तीच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवत असावी असे बरेच अभ्यासक मानतात. ज्याची ओळख मी वैरी म्हणून करून दिली, तोच इथे सोयरीक जुळवणारा दिसतो आहे.

तेव्हा फ्लुओरीनची घाई करू नकोस; 150 केल्विनजवळचा तो बाक मूळ नमुन्यात स्वच्छ दिसेपर्यंत मोजत राहा, आणि तो पुसट आला तर आधी नमुन्याच्या शुद्धतेवर शंका घे. आर्सेनिकची पूड ग्लव्हबॉक्सबाहेर, म्हणजे हातमोजे बसवलेल्या त्या बंद पेटीबाहेर, उघडू नकोस. क्वार्ट्झच्या नळीत ती बंद करून भट्टीत ठेवशील तेव्हा तापमान सावकाश चढव, कारण 600 अंश सेल्सिअसच्या पुढे तिची न वितळताच वाफ होते आणि नळी फुटू शकते. रात्री भट्टी लावलीस तर मला निरोप टाक, मी जागा असेन.

तुझे,
बाबा