एक ते शंभर मोजून घेणाऱ्या मुलास

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम लिहीत नाही. आमचा वाडा तुझ्या एरियात येत नव्हता, दिवस रविवारचा होता आणि तुमच्या सिस्टीममध्ये आमची नेटची तक्रार केव्हाच 'बंद' झालेली होती. उद्या कुणी तुला विचारायला नको की तिथे शिडी लावून तू काय करत होतास. पण गोव्यातल्या साखळीपासून पुढे, वाळवंटी नदीच्या बाजूला, चिऱ्यांच्या घरात राहणारी ती काकी कोण, हे तुला कळेल. बाकीच्यांना कळायची गरज नाही.

त्या रविवारनंतर तीन सोमवार झाले. सोमवारी दुपारी तीन वाजता आमची पुण्याच्या ऑफिसबरोबर मीटिंग असते. २०२० साली घरी येऊन बसले तेव्हापासून घरूनच काम करते. माझं सगळं काम हिशेब जुळवणीचं. त्यांनी पाठवलेली रक्कम एका बाजूला, आम्हाला मिळालेली दुसऱ्या बाजूला, आणि मधला फरक कुठे गेला ते शोधायचं. वीस वर्षं हेच केलं. पण माझ्या आवाजाचा फरक कुठे जातो, ते मात्र मला सापडत नव्हतं.

पाऊस सुरू झाल्यापासून मीटिंगमध्ये माझं बोलणं तुटायचं. कधी एक शब्द, कधी अर्धं वाक्य. पलीकडच्यांना मी पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखी ऐकू यायचे म्हणे. सुरुवातीला सगळे हसले. मग 'ताई, चॅटमध्ये टाका' सुरू झालं. मग 'तुमचं नंतर घेऊ'. आणि जुलैत एक दिवस मी केलेला ताळा माझ्यासमोर एका नव्या मुलीने वाचून दाखवला, कारण 'ताईंचं नेट नसतं'. तिचा काही दोष नाही, तिला सांगितलं तसं तिने केलं. मी कॅमेरा बंद केला आणि न्हाणीत जाऊन तोंड धुतलं.

त्या दोन महिन्यांत मी काय काय केलं ते तुला सांगितलंच नव्हतं. नवा हेडफोन घेतला. बालकांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर बसून पाहिलं, माजघरात बसून पाहिलं, विहिरीकडच्या खिडकीत बसून पाहिलं. ओरडून बोलायची सवय लागली. सासूबाई आतून विचारायच्या, 'गो, कोणाशी भांडतेस?' हळूहळू मला वाटायला लागलं की दोष माझ्यातच आहे. वय झालं, ही यंत्रं आपल्याला जमत नाहीत.

आणि ज्यांचं काम होतं त्यांनी काय केलं? हेल्पलाइनवरची बाई प्रत्येक वेळी तेच सांगायची, राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. मी राउटरसमोर उभी राहून इतके सेकंद मोजलेत की तेवढ्यात एखादं स्तोत्र पाठ झालं असतं. मग एकजण आला. सकाळी दहा वाजता, लख्ख ऊन पडलेलं असताना. मोबाईल राउटरला चिकटवला, स्पीड टेस्ट लावली, ९४ आकडा दाखवला. 'बघा, फुल्ल येतंय. ओटीपी सांगा.' मी सांगितला, तक्रार बंद झाली. दुसऱ्याने सांगितलं, प्लॅन मोठा घ्या. घेतला. आता जास्त पैसे देऊन आवाज तुटायला लागला. आमच्या ऑफिसातल्या आयटीवाल्याने तर स्क्रीनशॉट मागवला (आवाज तुटल्याचा स्क्रीनशॉट कसा काढायचा, हे तोच जाणे) आणि शेरा मारला, 'युजरच्या बाजूचा प्रॉब्लेम'. म्हणजे मीच.

तू शेजाऱ्यांकडे नवीन जोडणी द्यायला आला होतास. मी कुंपणावरून हाक मारली, ती खरं तर राग काढायला. तू मोबाईल खिशातून काढलाच नाहीस. एवढंच विचारलंस, 'काकी, तुटतं कधी?'

कधी, हे मला त्याआधी कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांना 'किती' हवं होतं.

तुझ्या सांगण्यावरून मी आठवडाभर वहीत वेळा लिहिल्या. आठवड्याने तू परत आलास, वही चाळलीस आणि विचारलंस, 'ह्या वेळांना वारो आसलो?' होता. प्रत्येक वेळी वारा होता. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि मी स्वतःला हिशेबातली समजते!

त्यानंतर तू जे केलंस, त्यासाठी हे पत्र आहे. बाकीचं सगळं कुणीतरी कधीतरी केलंही असतं.

तू बाहेर खांबाजवळ जाऊन उभा राहिलास, एका हातात छत्री. तुझ्या मोबाईलच्या डेटावरून मला व्हिडिओ कॉल लावलास. मी आत, घरच्या नेटवर. म्हणालास, 'काकी, एक ते शंभर म्हणा. सावकाश. मध्ये थांबू नका, मी काही बोललो तरी थांबू नका.' मला हसू आलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई पहिलीतल्या पोरासारखी उजळणी म्हणतेय! पण म्हटली. पावसाची सर आली, माड हलले, मी मोजत राहिले. स्क्रीनवर तुझा चेहरा कधी गोठायचा, कधी चौकटी चौकटी व्हायचा, पण तुझी मान खाली होती आणि तू बिलबुकाच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत होतास.

शंभर झाल्यावर तू भिजून आत आलास आणि पान दाखवलंस. तुझ्यापर्यंत न पोचलेले आकडे होते ते. ७, ८, २३, ४१, ४२, ४३ असे करत एकूण १४. माझं तोंड पडलं. मला वाटलं, मीच खाल्ले असतील, घाईत राहून गेले असतील. सासूबाई आतून ओरडल्या, 'सगळे म्हटले हो तिने, मी ऐकलेत!' आणि तू म्हणालास, 'काकी, तुमीं सगळे म्हळे. म्हाका पावले नात.'

तुम्ही सगळे म्हणालात, माझ्यापर्यंत पोचले नाहीत. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. त्या दिवशी तुझ्यासमोर रडले नाही, कारण चहा उतू जात होता.

नंतर फर्मागुडीला इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याला मी हा किस्सा सांगितला. तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, 'मावशी, त्याने हाताने तेच केलं जे हे कॉल स्वतः करतात!' त्याचं म्हणणं असं. आपला आवाज अखंड जात नाही, त्याचे तुकडे पाडून पाठवतात. बहुतेक ठिकाणी एक तुकडा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येक पाकिटावर अनुक्रमांक घातलेला असतो. पलीकडचं यंत्र क्रमांक तपासतं, ४० नंतर एकदम ४४ आला तर मधली तीन गेली हे त्याला कळतं. आणि ते दर थोड्या वेळाने पाठवणाऱ्याकडे उलटा कागद धाडतं, इतकी मिळाली, इतकी हरवली, इतकी वेळ चुकवून आली. २००३ च्या आरएफसी ३५५० नावाच्या, इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात हे सगळं ठरवून दिलेलं आहे म्हणे. अरे, ही तर जुळवणी! पाठवले १००, पोचले ८६, फरक १४. माझा रोजचा धंदा, आणि मला कुणी तो माझ्या भाषेत सांगितला नव्हता.

स्पीड टेस्टचं कोडंही त्यानेच सोडवलं. त्यात हरवलेलं पाकीट परत मागवून घेता येतं, त्यामुळे शेवटच्या आकड्यात ते गेल्याचा पत्ताच लागत नाही. बोलण्यात परत मागवायला सवड कुठे? ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. बारीकसारीक फट पलीकडचं यंत्र आधीचाच आवाज ताणून बुजवतं, म्हणून तो डब्यातला आवाज. फट मोठी झाली की तेही हात टेकतं. शिवाय पाकिटं नुसती पोचून चालत नाहीत, ठरल्या अंतराने पोचावी लागतात. आपल्याकडे साखळी–पणजी बस अर्धा तास येत नाही आणि मग तीन एकापाठोपाठ येतात. दिवसाच्या फेऱ्या मोजल्या तर भरतील, पण स्टँडवर उभ्या माणसाचा दिवस गेलाच की. त्या चढउताराला जिटर म्हणतात. झूमवाल्यांनी आपल्या मार्गदर्शनात मर्यादाच दिल्या आहेत. उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत, जिटर ४० पर्यंत, गळती २ टक्क्यांपर्यंत. भाचा लगेच म्हणाला, तुझे १४ आकडे म्हणजे १४ टक्के पाकिटं असं धरू नकोस. नाही धरत. पण २ कुठे आणि माझा तो कागद कुठे!

आणि मला झोंबलं ते पुढचं. हे आकडे चालू मीटिंगमध्येही सेटिंगमधल्या एका पानावर दिसतात, आणि ऑफिसच्या आयटीवाल्यांना तर प्रत्येक कॉलचे नंतरही खुर्चीत बसून बघता येतात. म्हणजे 'युजरच्या बाजूचा प्रॉब्लेम' लिहिणाऱ्याला एक खिडकी उघडायची होती. तू भर पावसात शिडी उघडलीस.

दुरुस्तीबद्दल मी फार लिहीत नाही, मला त्यातलं कळतही नाही. माझ्यापुरतं इतकं कळलं की आमची बारीक फायबर, म्हणजे उजेडावर नेट आणणारी काचेची दोरी, कुणीतरी माडाला तारेने करकचून बांधून ठेवली होती. माड डोलला की ती तिथेच मुडपायची. 'वाकली की उजेड गळता,' असं तू म्हणालास. ते चार शब्द मी भाच्याच्या सगळ्या व्याख्यानाबदली घेईन. तू ती सोडवलीस, सैल वेटोळं घालून खांबावरून नेलीस, सांध्याचं काहीतरी बदललंस. वेळ पाऊण तास. पैसे विचारले तर 'शेजाऱ्यांचं काम होतंच' म्हणालास. शेजाऱ्यांचं काम आधीच्या आठवड्यात संपलं होतं, मला ठाऊक आहे.

मग पुन्हा मोजणी. तू पुन्हा बाहेर, मी पुन्हा आत. वारा होता, नशीब आपलं. साठच्या पुढे गेले तसा तू हात वर केलास. माझ्या पोटात गोळा आला. तू म्हणालास, 'काकी, एकोणसाठ परत म्हणा. तो नेटचा नव्हे, मी शिंकलो.'

पुता, तुला हे आठवतही नसेल. पण मी तेव्हापासून त्या शिंकेचा विचार करतेय. दोन महिने प्रत्येकजण आपल्याकडचं काहीही असलं तरी माझ्या नावावर लिहून मोकळा होत होता, आणि तू तुझी शिंकसुद्धा आमच्या लाइनीच्या खात्यात घातली नाहीस. एवढा चोख हिशेब मी मोठमोठ्या सनदी लेखापालांकडे पाहिलेला नाही.

अशी माणसं आपल्याकडे आहेत म्हणून गावं चालतात, असं मला वाटतं. आमच्याकडे उंडे घेऊन येणारा पोदेर, म्हणजे पाववाला आहे. सासूबाई आजारी होत्या तेव्हा दोन दिवस दार उघडलं नाही, तर तो भोंपू वाजवून पुढे गेला नाही. सायकल लावली आणि शेजाऱ्यांकडे जाऊन विचारलं. त्याला कुणी तसं सांगून ठेवलेलं नव्हतं, आणि त्या विचारण्याचा त्याला ओटीपीही मिळणार नव्हता. तुमच्या कंपनीत दिवसाला किती तक्रारी 'बंद' केल्या हे मोजतात, असं तू बोलता बोलता म्हणालास. मग त्या रविवारी तुझ्या खात्यावर शून्यच लागलं असणार. मला त्याचं वाईट वाटतं.

पहिल्या सोमवारी काय झालं ते सांगायचं राहिलं. मी ताळा वाचला, सलग अकरा मिनिटं. संपल्यावर कुणीच काही बोलेना. मला वाटलं गेलं परत. मग साहेब म्हणाले, 'ऐकतोय ताई, लिहून घेत होतो.' मी अजूनही ओरडूनच बोलत होते, ते मात्र त्यांनी हळूच सांगितलं. सवय जायला वेळ लागेल.

आता तुझ्याकडे एक काम. बिलबुकाचं ते पान फाडून टाकलं नसलंस तर मला हवंय. आणि चवथीला ये. आमच्याकडे गणपती पाच दिवस असतो. हळदीच्या पानातल्या गोड पातोळ्यो दुसऱ्या दिवसापर्यंत उरत नाहीत, तेव्हा पहिल्याच दिवशी ये. सासूबाईंना तुझ्यासमोर शंभरपर्यंत म्हणून दाखवायचंय. त्यांचं म्हणणं, सून चौसष्टला अडखळली होती आणि तू ते लिहून घेतलं नाहीस.

देव बरें करूं.

तुझी,
खांबापलीकडची काकी